म्हाताऱ्या कुत्र्यांची शेड

वाचकहो, जेजुरीला तुम्ही एकदा तरी गेलेच असाल. पुण्याहून निघाले की हडपसर मागे पडते, दिवेघाट सुरू होतो, घाटातून खाली मस्तानी तलाव दिसतो आणि वर आले की पुरंदरचे उघडे माळ लागतात. पाऊस बेताचा. कऱ्हा नदी वर्षातले बरेच महिने कोरडीच. पण याच माळावर अंजीर आणि सीताफळ असे पिकते की खाणाऱ्याने नाव काढावे. सासवड ओलांडून पुढे गेलात की रस्त्यापासून आत, शेतांच्या कडेला कोंबड्यांच्या लांबलचक शेड दिसतील. काही चालू आहेत, काही धंदा बसल्यावर तशाच सोडलेल्या. पत्रे उडालेले, जाळीला गंज, आत एरंड माजलेला.

अशाच एका सोडलेल्या शेडची ही हकीकत आहे. वाडीचे नाव मात्र देत नाही. शेडच्या मालकीणबाईंनी तशी अटच घातली. "नाव छापलंत तर रात्रीच्या मोटारी यायला लागतील," त्या म्हणाल्या, "अन् सकाळी फाटकाला चार कुत्री बांधलेली असतील." असे दोनदा झालेही आहे.

तिथे चौदा कुत्री आहेत आणि सगळी म्हातारी. सांभाळणारे जोडपेही साठीच्या पुढचे. ते एस.टी.त चालक होते, आता निवृत्त. वाडी त्यांना अण्णा आणि माई म्हणते, आपणही तेच म्हणू.

तीन लॅब्राडोर शहरातून आलेली. पिल्लू होते तोवर हौस. पुढे जिना चढवेना, घरात लघवी होऊ लागली, तेव्हा नकोसे झाले. एक पश्मी शिकारी कुत्री आहे, तिची नजर गेली आहे. एक धनगराचा कुत्रा आहे, दात हिरड्यांपर्यंत झिजलेला. बाकी सगळी तुमच्या-आमच्या खळ्यावरची गावठी.

शेड माईंच्या दिरांची, पडूनच होती. ती उभी करायला अख्खा उन्हाळा गेला. कोंबड्यांची शेड या कामाला चांगली, हे मला तिथे गेल्यावर कळले. तिची लांबी पूर्व-पश्चिम असते, त्यामुळे ऊन थेट आत घुसत नाही. भिंत गुडघ्याएवढी आणि वर जाळी, म्हणून वारा खेळता राहतो. खरी अडचण होती ती जमिनीची. कोबा गुळगुळीत होता. म्हाताऱ्या कुत्र्याचे मागचे पाय अशा जमिनीवर फाकतात. एकदा का ते जोरात पडले की पुन्हा उठायला धजत नाही. अण्णांनी कोबा टाकीने टाचून घेतला, वर सिमेंटचा खडबडीत थर दिला आणि तो ओला असतानाच खराट्याने आडव्या रेघा ओढल्या. जमिनीला गटाराकडे उतार ठेवला. दाराची पायरी फोडून तिथेही उतारच केला. थंडीत खालून गारवा लागू नये म्हणून चार बोटे उंच फळ्या आणि त्यांवर गोणपाटात शिवलेल्या जुन्या गोधड्या. वाचकहो, घरच्या म्हाताऱ्या माणसासाठी तरी आपण एवढे पाहतो का?

पत्रा उन्हाळ्यात तापतो. फाल्गुन लागला की त्यावर उसाचे पाचट पसरतात, पावसाआधी काढून टाकतात. भिंतींच्या भेगा सिमेंटने बुजवल्या, कारण गोचीड भेगांतच अंडी घालते आणि गोचिडापासून कुत्र्याला जीवघेणा ताप येतो. कोंबडीवाले शेड रिकामी झाल्यावर आगीची बंदूक फिरवतात ना, तीच अण्णा वर्षातून दोनदा फिरवतात. कुत्री बाहेर काढून आणि पाचट-गोधड्या हलवून, हे सांगायला नकोच. जुनी जाळी मात्र सगळी बदलावी लागली. त्या भागात आता बिबट्या फिरतो आणि बिबट्याला कुत्र्याइतके सोपे भक्ष्य दुसरे नाही. नवी जाळी जाड तारेची असून थेट पत्र्याला भिडवली आहे.

खाणे दोन वेळा. मऊ भात, ज्वारीची पेज, उकडलेले अंडे, मिळेल तेव्हा हाडे काढलेले कोंबडीचे मांस. कालवणाचा उरलासुरला रस्सा माई कधीच घालत नाहीत. त्यात कांदा असतो आणि कांद्याने कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. द्राक्षे आणि बेदाणे मूत्रपिंडाला घातक. सांधे दुखतात म्हणून आपली अंगदुखीची गोळी तर कुत्र्याला मुळीच देऊ नका. पोटात रक्तस्राव होऊन ते जाऊ शकते. औषध पशुवैद्यालाच विचारावे.

वाडीने प्रथम विरोध केला. तो काही चुकीचा नव्हता. शेळ्या आहेत, शाळेची पोरे त्याच वाटेने जातात, पिसाळलेल्या कुत्र्याची भीती कोणाला नसते? अण्णांनी रेबीजच्या लशीची कार्डे पंचांपुढे ठेवली, दरवर्षी दाखवीन म्हणाले आणि फाटक कायम बंद ठेवण्याचा शब्द दिला. मग काहीजण उलट गावातली सगळी मोकाट कुत्री तिथेच डांबा म्हणू लागले. ते होण्यासारखे नव्हते. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांप्रमाणे रस्त्यावरचे कुत्रे नसबंदी आणि लस करून पुन्हा त्याच्याच जागी सोडायचे असते. शेडमध्ये घेतात ती फक्त टाकून दिलेली आणि स्वतःचे पोट भरू न शकणारी.

आपल्याकडे ही गोष्ट अगदीच नवी नाही. १८३२ साली मुंबईत मोकाट कुत्री मारण्याच्या सरकारी मोहिमेवरून पारशी मंडळींनी दंगा केला. त्यानंतर १८३४ साली जमशेटजी जीजीभॉय आणि शेठ मोतीशा यांच्या पुढाकाराने भुलेश्वरला पांजरपोळ उभा राहिला. आणि आपल्या देव्हाऱ्यातला खंडोबाचा टाक पाहा. घोड्याच्या पायाशी कुत्रा असतोच. त्यावर भंडारा उधळणारे हात दारातल्या म्हाताऱ्या कुत्र्याला काठी घेऊन धावतात, याचे मला नवल वाटते.

गेल्या वर्षी सहा कुत्री गेली. उठताच येईना, खाणे सुटले, की अण्णा पशुवैद्याला बोलावतात आणि सुई देईपर्यंत डोके मांडीवर धरून बसतात. शेडमागे चिंचेखाली खड्डे आहेत. त्यांवर दगड नाहीत, खूण नाही. माईंना मात्र प्रत्येक जागा ठाऊक आहे.

धनगराच्या कुत्र्याचे सांगायचे राहिले. दिवाळीनंतर कळप कोकणाकडे निघाला तेव्हा धनगराने त्याला स्वतः इथे आणले. कुत्र्याला आता घाट उतरवणार नाही, असे तो म्हणाला. पैसे द्यायला नव्हते. एक कोकरू देऊ केले, ते माईंनी घेतले नाही. पावसाळ्याच्या तोंडावर कळप परत वर आला आणि धनगर फाटकाशी उभा राहिला. कुत्र्याला ऐकू येत नाही, दिसतेही अंधुक. वारा धनगराकडून होता. ते फळीवरून उठले, रेघांच्या जमिनीवरून एकेक पाय टाकत जाळीपर्यंत गेले. धनगर दुपारपर्यंत त्याच्याजवळ बसून होता. जाताना अंगावरचे घोंगडे त्याने फळीवर अंथरले. माईंनी ते अजून धुतलेले नाही. कुत्रा त्याच्यावरच निजतो.