सीएसटी रोडवरची प्लॅटिनमची जाळी

कुर्ल्याला उतरून शेअर रिक्षाने बीकेसी गाठणाऱ्या मंडळींनो, एक प्रश्न. ज्या सीएसटी रोडवर तुम्ही रोज ट्रॅफिकमध्ये अडकून मोबाइलमध्ये डोकं घालता, त्याचा फुलफॉर्म काय? 'छत्रपती शिवाजी टर्मिनस' म्हणालात तर शून्य मार्क! स्टेशनला ते नाव मिळालं 1996 मध्ये. हा सीएसटी त्याहून कितीतरी जुना... सेंट्रल साल्सेट ट्रॅमवे. 1928 मध्ये ट्रॉम्बेहून कुर्ल्यामार्गे अंधेरीला जाणारी एक रेल्वेलाइन सुरू झाली आणि 1934 मध्ये बंदही पडली. रूळ गेले, रस्त्याला नाव तेवढं उरलं.

मलाही हे कुठे माहीत होतं! या रस्त्यावर मला आणलं ते डॅशबोर्डवरच्या एका पिवळ्या दिव्याने.

गाडी मामाची. 2008 ची होंडा सिव्हिक हायब्रिड. जपानहून आयात होऊन आली तेव्हा किंमत होती साडेएकवीस लाख. त्याच वर्षी कंपनीने ती तब्बल 8 लाखांनी उतरवली आणि आमच्या मामाने संधी साधली. 'हायब्रिड' म्हणजे काय हे डोंबिवलीतल्या अख्ख्या बिल्डिंगला समजावून सांगण्यात त्याची दोन वर्षं गेली. आता गुडघे क्लच नसलेल्या गाडीलाही नाही म्हणतात, म्हणून किल्ली माझ्याकडे. पंधरा वर्षांनंतरचं रजिस्ट्रेशनचं नूतनीकरणही झालंय. सगळं मस्त चाललं होतं आणि दिवा लागला. पीयूसी संपायला उरले होते दहा दिवस!

एका चकचकीत वर्कशॉपमध्ये मशीन लावलं. कोड आला पी-0420. म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर कामातून चाललाय. नवा मागवायचा तर 1 लाख 10 हजार आणि दीड-दोन महिने. मामाला फोन केला. तो क्षणभर गप्प. मग म्हणाला, "पोरी, विकून टाक. उगाच माझ्यासाठी खर्चात पडू नकोस." 'माझ्यासाठी' हा शब्द काही डोक्यातून जाईना. दुसऱ्याच शनिवारी गाडी कुर्ल्याकडे वळवली.

सकाळी अकराचा सीएसटी रोड म्हणजे गाड्यांचं शवागार आणि प्रसूतिगृह एकाच ठिकाणी! दुकानांबाहेर बंपर टांगलेले, दरवाजे पुस्तकांसारखे उभे रचलेले, हेडलाइट्सचे ढीग आणि आरशांची आख्खी भिंत. त्या प्रत्येक आरशात तुम्ही वेगळे दिसता. मिठी नदीपलीकडे बीकेसीच्या काचेच्या इमारती. तिकडे पॉवरपॉइंट, इकडे पाना. अंतर म्हणाल तर रिक्षाचं थोडंसं भाडं.

'कॅट' म्हटल्याबरोबर तीन दुकानदार पुढे सरसावले. पहिल्याने दुसऱ्या गाडीचा काढलेला जुना कन्व्हर्टर दाखवला, 9 हजार. पण त्यात किती जीव उरलाय ते बाहेरून बघून कोण सांगणार? दुसऱ्याची ऑफर जास्त गोड. "मॅडम, अंदर की जाली निकाल देंगे. खाली डब्बा. सेन्सर को उल्लू बनाने का जुगाड भी है. ढाई हजार में काम खतम!" आणि पीयूसी? "वो भी मॅनेज हो जायेगा."

अडीच हजार! खोटं कशाला बोलू, हात पर्सकडे गेला होता.

तिसऱ्या दुकानातले चाचा मात्र हसले. एक कापलेला कन्व्हर्टर त्यांनी माझ्या हातात ठेवला. आत मधमाश्यांच्या पोळ्यासारखी सिरॅमिकची बारीक जाळी आणि तिच्यावर प्लॅटिनम, पॅलॅडियम, ऱ्होडियमचा पातळ थर. इंजिनातून येणारा कार्बन मोनॉक्साइड, न जळलेलं पेट्रोल आणि नायट्रोजनची ऑक्साइड्स या जाळीतून जाताना बरीचशी निरुपद्रवी होतात. "ये बंबई का फेफडा है, बेटा," चाचा म्हणाले. "फेफडा निकालके गाडी चलती है. आदमी नहीं चलता."

आपल्याकडे चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना हा डबा सक्तीचा झाला 1995 मध्ये, बिनशिशाच्या पेट्रोलसोबतच. कारण शिसं या थराला निकामी करतं. आमच्या पिढीला शिशाचं पेट्रोल आठवतही नाही, पण ज्या रस्त्यावर मी रोज रिक्षात नाकाला रुमाल लावून बसते, तिथेच रिकामा डबा बसवून घ्यायचा? पर्स बंद झाली.

चाचांनी मागच्या गल्लीतल्या एका मेकॅनिक काकांकडे धाडलं. काका रत्नागिरीचे. त्यांनी आधी कन्व्हर्टरवर रबरी हातोडी हळूच मारली. आतून खडखड! "जाळी फुटलीय. पण ताई, डबा बदलायच्या आधी त्याला कोणी मारलं ते शोधू. नाहीतर नवाही मरेल." मग त्यांनी प्लग काढायला घेतले. एक, दोन, तीन... आठ! चार सिलिंडरना आठ प्लग? "जुन्या आय-डीएसआय सिटीलाही आठच होते. तुमच्या मामांना कोणीतरी चारच बदलून दिले असणार." एक कॉइलही अशक्त निघाली. म्हणजे ठिणगी नीट पडत नव्हती. न जळलेलं पेट्रोल थेट जाळीत जाऊन तिथे पेटत होतं आणि त्या उष्णतेने जाळी वितळून फुटली.

हायब्रिडची आणखी एक गंमत काकांकडूनच कळली. सिग्नलला इंजिन बंद होतं, पेट्रोल वाचतं, पण जाळी तापलेली असेल तरच काम करते. म्हणून इंजिन एरवी तरी सुदृढ हवं. प्लगसारख्या फुटकळ गोष्टींत काटकसर केली की ती अशी मोठ्या बिलात फिटते.

तोडगा निघाला तो असा. इंजिनाच्या क्षमतेला साजेसा नवा युनिव्हर्सल कन्व्हर्टर, जुन्याच फ्लँजला वेल्ड करून. वेल्डिंगआधी काकांनी मागच्या सीटची पाठ काढून हायब्रिड बॅटरीचा मेन स्विच बंद केला, साधी बॅटरीही सोडवली. "नारिंगी वायर दिसली की हात मागे," पोऱ्याला त्यांची ताकीद. डब्यावरचा बाण धुराच्या दिशेने आहे ना हे दोनदा पाहिलं. उष्णतेपासून वाचवणारा पत्रा परत बसवला. (तो पत्रा बरेच जण 'वाजतो' म्हणून फेकून देतात. फेकू देऊ नका.)

हिशोब ऐका. कन्व्हर्टर 14,500, आठ प्लग 5,600, कॉइल 2,800, वेल्डिंग-पॅकिंग-मजुरी 4,500. एकूण 27,400. फुटलेला जुना डबा चाचांनी 6,000 ला घेतला, कारण मेलेल्या जाळीतही ते महागडे धातू असतातच. हातचे गेले 21,400. 'जुना माल आमच्याकडेच राहू द्या' असं कोणी गोड बोलून म्हणालं तर का, ते आता कळलं असेल!

सोमवारी पीयूसी झालं. रीतसर, कुठलाही 'मॅनेज' न करता. संध्याकाळी डोंबिवलीला जाऊन मामाला खाली बोलावलं. तो बाजूच्या सीटवर बसला. पहिल्याच सिग्नलला इंजिन गपकन बंद झालं. मामाने काच खाली केली, शेजारच्या रिक्षावाल्याकडे पाहिलं आणि सुरू झाला, "बंद नाही पडली हां, हायब्रिड आहे..."

कसं जाल? कुर्ला (पश्चिम) स्टेशनहून रिक्षा करून सीएसटी रोड. सकाळी लवकर जा, पावसाळ्यात टाळा, हा भाग पटकन तुंबतो. आधी कोड वाचून घ्या. डब्यावर खर्च करण्यापूर्वी प्लग, कॉइल, मागचा ऑक्सिजन सेन्सर आणि सायलेन्सरची गळती तपासा. कधीकधी दोष तिथेच निघतो आणि डबा वाचतो. बिल मागा. आणि घासाघीस करताना लाजू नका, इथे कोणीच लाजत नाही!