घर बघणं आणि घर तपासणं

सुरतेत शिरण्याआधी सुरतेची पाहणी करणं ही मराठी माणसाची जुनी सवय आहे. 1664 च्या जानेवारीत महाराज इथे आले, त्याआधी बहिर्जी नाईकांनी वेषांतर करून शहराचा कोपरान् कोपरा पाहून ठेवला होता, असं परंपरा सांगते. आज उधना, लिंबायत, डिंडोली भागात आपली एवढी माणसं राहतात, लूम्सवर आणि मिलमध्ये घाम गाळतात, आणि आयुष्यातली सगळ्यात मोठी खरेदी मात्र वीस मिनिटांत उरकतात.

घर बघायला गेल्यावर आपण काय बघतो? दार कुठल्या दिशेला आहे, पाणी किती वाजता येतं, शेजारी कोण आहेत. आम्ही ख्रिस्ती असलो तरी माझी आजी दाराची दिशा विचारतेच, आणि वर चर्च किती लांब तेही. मग वकील येतो. टायटल क्लिअर आहे का, बीयू म्हणजे इमारत वापरायची परवानगी मिळाली आहे का, हे बघतो. मग बँकेचा व्हॅल्युअर येतो. एवढी माणसं येऊन गेली की घर तपासून झालं असंच वाटतं. पण व्हॅल्युअर बँकेचा माणूस. कर्ज बुडालं तर हे घर विकून पैसे वसूल होतील का, हा त्याचा प्रश्न. वकील कागद वाचतो. भिंत कुणीच वाचत नाही.

नव्या फ्लॅटला निदान 2016 च्या रेरा कायद्याचा आधार आहे: ताबा मिळाल्यापासून 5 वर्षांत बांधकामात दोष निघाला तर तो बिल्डरने स्वखर्चाने दुरुस्त करायचा. जुन्या फ्लॅटचं तसं नाही. तिथे 1882 चा मालमत्ता हस्तांतरण कायदा लागतो. विकणाऱ्याला ठाऊक असलेला मोठा दोष त्याने सांगितला पाहिजे, असं तो म्हणतो. पण फक्त असा दोष, जो घेणाऱ्याला साधारण काळजी घेऊनही दिसला नसता. म्हणजे काळजी घेण्याचं काम आपलंच.

गेल्या वर्षी गोडादऱ्याच्या बाजूला आम्ही एक फ्लॅट बघितला. पहिला मजला, वीसेक वर्षांची चार मजली इमारत, ताजा पिस्ता रंग. सगळ्यांना आवडला. दलाल बानाखत, म्हणजे आपलं साठेखत, लगेच करू म्हणून मागे लागला होता. पप्पा डाइंग मिलमध्ये फिटर आहेत. ते म्हणाले, "आमचा शेठ सेकंडहँड मशीन उघडून बघितल्याशिवाय घेतो का? मलाच पाठवतो ना बघायला. मग माझा पीएफ घालून घेतोय ते घर मी न उघडता घेऊ?"

त्यांनी एक रिटायर्ड सिव्हिल इंजिनिअर शोधले. फी सात हजार. दलाल हसला. "काका, लोक मुहूर्त बघायला माणूस आणतात, तुम्ही इंजिनिअर आणलात!"

साहेबांनी फ्लॅटला अर्धा तास दिला आणि इमारतीला दीड तास. आधी टेप लावून कार्पेट एरिया मोजला. दलालाच्या सुपर बिल्टअप आकड्यापेक्षा तो बराच लहान निघाला. मग नाण्याने टाइल्स वाजवल्या, बद्द आवाज आला तिथे खडूची खूण केली. बाथरूमच्या पीओपी सीलिंगचा एक तुकडा मालकाला विचारून काढला. वरच्या मजल्याचं पाणी स्लॅबमध्ये मुरत होतं, सळ्या उघड्या पडल्या होत्या. खाली पार्किंगमध्ये त्यांनी कॉलमवर रिबाउंड हॅमर लावला. नळकांड्यासारखं ते यंत्र दाबलं की आतला दांडा उसळतो, आणि काँक्रीटचा पृष्ठभाग किती कठीण आहे याचा अंदाज येतो. दोन कॉलमवर रंगाखाली उभ्या, सरळ चिरा होत्या. ते म्हणाले, "वेडीवाकडी बारीक चीर बहुतेक वेळा प्लास्टरची असते. सळईच्या रेषेत सरळ जाणारी असली की घाबरायचं. लोखंड गंजलं की फुगतं, आणि काँक्रीट आतून फोडतं." शेवटी वॉचमनला विचारलं, खाडीचं पाणी कुठवर येतं? सुरतेत हा प्रश्न विचारावाच लागतो. 2006 च्या ऑगस्टमध्ये उकाई धरणातून पाणी सोडल्यावर तापीने शहर बुडवलं, ते सगळ्यांच्या लक्षात आहे. पण लिंबायतकडच्या लोकांना खाडीचा पूर जास्त ओळखीचा.

आम्ही जिन्यातून उतरत होतो तेव्हा समोरच्या फ्लॅटमधल्या मावशींनी चहाला थांबवलं. कप हातात देत त्यांनी हळूच विचारलं, "साहेब काय म्हणाले? आमचं घर बरं आहे ना?"

कुणीच बोललं नाही. आम्हाला नको म्हणायची सोय होती. त्या तिथेच झोपणार होत्या.

6 जुलै 2024 ला सुरतेच्या सचिन भागात पाली गावातली एक इमारत कोसळली आणि 7 माणसं गेली. ती दहा वर्षांचीसुद्धा जुनी नव्हती. अशा इमारतींत भाड्याने राहणारा कामगार कुठला इंजिनिअर आणणार? तपासणी ज्याच्याकडे पैसे आणि पर्याय आहेत त्याची, आणि चीर मात्र सगळ्यांच्या डोक्यावर.

चार दिवसांनी रिपोर्ट आला. इमारत लगेच पडेल असं त्यात नव्हतं. कॉलम दुरुस्त होतील, पण सगळ्या सभासदांनी मिळून खर्च केला तरच, असं होतं. आम्ही फ्लॅट सोडला. पप्पांनी कॉलमवाल्या पानांच्या झेरॉक्स काढल्या, एक सेक्रेटरींना दिली, एक मावशींना. आई म्हणाली, "आपले सात हजार गेले, वर हे कशाला?" पप्पा म्हणाले, "कळल्यावर गप्प बसलो तर मग मालकात आणि आपल्यात फरक काय?"

खडकावर आणि वाळूवर घर बांधणाऱ्या दोघांचा दाखला आम्ही लहानपणापासून ऐकतो. मत्तयच्या शुभवर्तमानात शहाणा माणूस खडकावर घर बांधतो, एवढंच आहे. लूकच्या सहाव्या अध्यायात एक तपशील जास्त आहे: त्याने आधी खोल खणलं. मला आता लूकची आवृत्ती जास्त पटते. वरून बघणाऱ्याला दोन्ही घरं सारखीच दिसली असणार, कदाचित वाळूवरच्या घराचा रंग जास्त ताजा असेल. खणणाऱ्यालाच फरक कळतो. आपल्याकडे मात्र घर उघडून बघणं म्हणजे समोरच्यावर अविश्वास, असं समजतात. फादर घर ब्लेस करायला येतात तेव्हा प्रत्येक खोलीत पवित्र पाणी शिंपडतात. त्याआधी नको ते पाणी कुठून येतंय, एवढं बघून ठेवणं आपल्या हातात आहे.

त्या सोसायटीची मीटिंग झाली असं कळलं. वर्गणीवरून वाद झाला, तीन मालक आलेच नाहीत. पण पार्किंगमधल्या त्या दोन कॉलमना आता लोखंडी टेकू लावलेत. फोनवर मावशींनी सांगितलं, आणि विचारलं, "तुमचं घर मिळालं का?"

अजून नाही. बघतोय.