अमरगोळ ते अपोलो बंदर

आम्हां अमरगोळकरांचा समुद्र म्हणजे उणकलचा तलाव. त्यामुळे दिवाळीत मुंबईला गेलो, तेव्हा गेटवेसमोर शिडाच्या होड्या पाहून भाचा थबकलाच. "मामा, ह्या कुणाच्या?"

मी त्याला मागची जुनी दगडी इमारत दाखवली. रॉयल बॉम्बे यॉट क्लब. स्थापना १८४६ची. कुलाब्याचे बेट कॉजवेने मुंबईला जोडले गेले, त्याला तेव्हा जेमतेम आठ वर्षे झाली होती. १८७६मध्ये 'रॉयल' किताब मिळाला, १८८१मध्ये बंदरावर क्लबहाऊस उभे राहिले. स्वातंत्र्यानंतर ती वास्तू अणुऊर्जा खात्याकडे गेली. आज क्लब आहे तो शेजारच्या इमारतीत.

"आपल्याला घेत होते का?" भाच्याने विचारलेच. नाही. इंग्रजांच्या काळात सभासद फक्त गोरे. ज्या पाण्यात कोळ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या होड्या घातल्या, त्याच्याच काठावर ही तऱ्हा! आता भारतीयच सभासद आहेत, म्हणा.

मग त्याला दिलीप दोंदे यांची गोष्ट सांगितली. नौदलातले हे अधिकारी १९ ऑगस्ट २००९ रोजी मुंबईहूनच शिडाच्या बोटीतून एकटे निघाले आणि १९ मे २०१० रोजी पृथ्वीप्रदक्षिणा करून परतले. एकट्याने ती पूर्ण करणारे पहिले भारतीय. बोट बांधली गोव्याच्या दिवाडी बेटावर, आणि तिचे नाव 'म्हादई'.

हे नाव हुबळी-धारवाडात आपण ऐकतो ते पाण्याच्या भांडणात. खानापूरच्या रानात उगम पावणारी तीच नदी.

भाचा म्हणाला, "म्हणजे बोट आपल्याकडचीच की!"