अवघड डोंगर आणि आधाराची काठी

अवघड गोष्टींविषयी माणसाचे मन मोठे विचित्र असते. सहज हाती आले त्याचे मोल वाटत नाही, आणि कष्टाचे काम पुढे आले की कपाळाला आठ्या पडतात. या वैचित्र्याचे दर्शन आम्हांस अलीकडे एका व्हिडिओ गेमच्या निमित्ताने घडले. मराठीच्या अध्यापनात हयात गेलेल्या मुख्याध्यापकाने असल्या विषयावर लिहावे, याचे वाचकांस नवल वाटेल. परंतु विषय खेळाचा असला तरी प्रश्न आमच्या पेशाचा आहे.

'सेलेस्ट' हा तो खेळ. मॅडी थॉर्सन व नोएल बेरी यांनी आरंभी त्याचे छोटेसे रूप अवघ्या चार दिवसांत रचले. पूर्ण खेळ जानेवारी २०१८ मध्ये आला. कोणा बड्या कंपनीची ही निर्मिती नव्हे. चित्रे मुद्दाम जुन्या काळच्या खेळांसारखी, ठळक ठिपक्यांची. मॅडलीन नावाची तरुणी मनातल्या भीतीशी झगडत एक पर्वत चढते, ही कथा. उडी मारायची, भिंतीला चिकटायचे, हवेतल्या हवेत झेप घ्यायची. बोटांना पळभर उशीर झाला की ती काट्यांवर पडून मरते आणि त्याच दृश्याच्या आरंभी पुन्हा उभी राहते. मोजके प्राण संपले की सारे मुळापासून, ही जुन्या खेळांतली शिक्षा येथे नाही. आपण किती वेळा मेलो याची नोंद मात्र खेळ चोख ठेवतो, आणि त्या संख्येचा अभिमान बाळगा, असे वर सांगतो!

खेळणाऱ्यांत अर्थातच तट पडले. शंभरदा पडून एकशेएकाव्यांदा पार होण्यासारखा आनंद नाही, असे कित्येकांचे मत. कित्येकांनी वैतागून अर्ध्यावर नाद सोडला. पण खरा वाद निराळाच. या खेळात 'असिस्ट मोड' नावाची सोय आहे. तिच्या योगे खेळाची गती मंद करता येते, मॅडलीनला न थकणारी वा न मरणारी करता येते, एखादा टप्पा वगळताही येतो.

हा वाद उन्हाळ्याच्या सुटीत आमच्या इंदूरच्या घरीही झाला. आमच्या भाचीच्या उजव्या हाताला जन्मापासून कंप आहे. तिने गती मंद करून शिखर गाठले. आमचा पुतण्या सोयीवाचून खेळणारा. तो म्हणाला, "असं चढणं म्हणजे काय चढणं? काका, तुम्हीच सांगा!" आम्ही काही बोलण्यापूर्वीच ती शांतपणे म्हणाली, "दादा, तुला जिना चढता येतो म्हणून आजीची काठी काढून घेशील का?" पुतण्या निरुत्तर झाला, पण त्याचे म्हणणेही अगदीच टाकाऊ नव्हते. अवघडपणा काढून टाकला तर डोंगर कसला? आम्हांस वाटते, येथे डोंगर होता तेवढाच राहिला. तिला आपल्या हाताच्या बेताने पावले टाकता आली, इतकेच.

भाषेच्या शिक्षकाला यात आणखी एक गोष्ट मोलाची वाटली. ही सोय उघडताच दिसणाऱ्या सूचनेत आरंभी असे होते की, अवघडपणा हा या खेळाचा आवश्यक भाग असून पहिल्या वेळी मदतीवाचून खेळावे. हेतू चांगलाच; पण ज्याला मदतीवाचून खेळताच येत नाही, त्याने ते वाचून काय समजावे? २०१९ साली ते शब्द बदलले. पहिल्या वेळेचा तो उपदेश गाळला, आणि मूळ खेळ ज्यास अशक्य असेल त्यासही या सोयीने तोच अनुभव लाभो, अशी इच्छा व्यक्त केली. सोयीत काडीचा फरक नाही, फरक शब्दांत. परंतु पहिल्या शब्दांत घेणाऱ्याला कमीपणा होता, दुसऱ्यांत नाही.

परीक्षेत दृष्टिहीन वा हाताने अधू विद्यार्थ्यास लेखनिक आणि जादा वेळ मिळतो. तो उत्तीर्ण झाला की "त्याला काय, लेखनिक होता!" हा उद्गार आम्ही शिक्षकांच्या खोलीतही ऐकला आहे. लेखनिक अक्षरे लिहितो. उत्तर त्या मुलाला स्वतःच शोधावे लागते. वाचकहो, आपल्या घरी, शेजारी असे मूल असेल, तर त्याला आधार अवश्य द्यावा. आणि तो देताना तोंडून कोणता शब्द जातो, इकडेही लक्ष असावे.