उदक सोडल्यावर

पूजेला बसलेला यजमान पळींतलें पाणी उजव्या तळहातावर घेतो आणि भटजी त्याच्याकडून संकल्प वदवून घेतात. आपण कोण, कोणत्या नदीच्या कोणत्या तीरावर बसलों आहों, आज तिथि कोणती, आणि हा सारा खटाटोप कशासाठीं, याचा सविस्तर पाढा देवापुढें वाचावा लागतो. देव सर्वज्ञ आहे. यांतील कोणतीच गोष्ट त्याला ठाऊक नसेल असें नाहीं. परंतु ज्याच्या दाराशीं आपण उभे राहणार, त्याला आपलें नांवगांव आणि आपला हेतु आधीं सांगावा, अशी रीत आहे. संकल्प झाला कीं तें उदक ताम्हनांत सोडावयाचें. उदक सोडलें कीं माणूस बांधला गेला.

परदेशच्या अल्पमुदतीच्या प्रवासी व्हिसासाठीं अर्ज भरतांना मला या संकल्पाची वारंवार आठवण होते. नांव, जन्मस्थान, धंदा, मिळकत. कोणत्या दिवशीं कोणत्या गांवीं उतरणार, कोणत्या रात्रीं कोणत्या हॉटेलांत निजणार. आजारी पडल्यास निदान ३०,००० युरोंचा विमा आहे कीं नाहीं. आणि परतीचें तिकीट कोठें आहे! देवापुढील संकल्पाहून यांत एकच गोष्ट अधिक असते. 'तूं घरीं परत केव्हां जाणार?' असें देव विचारीत नाहीं. व्हिसाच्या अर्जांतील सारीं कलमें मात्र आडून आडून हाच एक प्रश्न विचारीत असतात.

परत येण्याचें वचन परक्यांच्याच दाराशीं द्यावें लागतें असेंहि नाहीं. १८८३ सालीं आनंदीबाई जोशी वैद्यक शिकण्यासाठीं अमेरिकेस निघाल्या तेव्हां त्यांची खरी अडवणूक घरच्याच माणसांची होती. श्रीरामपूर येथें भरसभेंत उभें राहून त्या सतरा-अठरा वर्षांच्या मुलीनें आपण कां जात आहों, एकट्याच कां जात आहों, हें एकेक प्रश्न घेऊन सांगितलें आणि हिंदु म्हणून जाऊन हिंदु म्हणूनच परत येईन, असें वचन दिलें. त्या काळीं व्हिसा समाज देत असे. आतां तो परकें राज्य देतें. युरोपांत पासपोर्टाचा अंमल पहिल्या महायुद्धापासून बसला, आणि १९२० सालीं पॅरिस येथें राष्ट्रसंघाची परिषद भरून पासपोर्टाचा सर्वांसाठीं एक नमुना ठरला.

त्याच युरोपांत १४ जून १९८५ रोजीं लक्झेंबुर्गमधील शेंगेन या मोझेल नदीकांठच्या लहानशा गांवीं, नदीवरील एका बोटींत बसून, पांच देशांनीं एकमेकांमधील सीमांवरचे पहारे हळूहळू उठविण्याचा करार केला. मार्च १९९५ मध्यें तो प्रत्यक्ष अमलांत आला. १ जानेवारी २०२५ पासून बल्गेरिया व रुमानिया पूर्णपणें सामील झाल्यानें त्या मंडळांत आतां २९ देश आहेत. एका देशानें दिलेला अल्पमुदतीचा व्हिसा सामान्यतः साऱ्यांच्या घरांत चालतो. कोणत्याहि १८० दिवसांत फार तर ९० दिवस. मात्र अर्ज कोणाकडे करावयाचा याला नियम आहे. जेथें अधिक दिवस राहावयाचें किंवा जेथें जाण्याचा मुख्य हेतु असेल, त्या देशाकडे. तसा भेद करतांच येत नसेल, तर ज्या देशांतून प्रथम आंत शिरावयाचें त्याच्याकडे. म्हणजे एकाच वाड्यांत एकोणतीस बिऱ्हाडें आहेत, आंत एका बिऱ्हाडाहून दुसऱ्याकडे जावयास मज्जाव नाहीं. पण दिंडींत 'कोणाकडे आलांत?' या प्रश्नाला उत्तर देणें भाग आहे.

आम्हीं उत्तर दिलें होतें, 'फ्रान्सकडे.' २०२४ च्या मे महिन्यांत तेरा रात्रींचा आमचा बेत होता. नऊ फ्रान्समध्यें, चार स्वित्झर्लंडांत. माझ्या पत्नीनें जन्मांत बर्फाचा डोंगर पाहिला नव्हता आणि मला पॅरिसच्या चित्रशाळांचा लोभ होता. दोघांचेंहि वय सत्तरीपलीकडचें. 'पुढच्या वर्षीं जाऊं' म्हणण्याची चैन आतां परवडणारी नव्हती. प्रत्येक रात्रीसमोर एकेका हॉटेलाचें नांव मीं इतक्या नेटकेपणानें लिहिलें होतें कीं तो तक्ता पाहून मुलगा म्हणाला, "बाबा, यांत श्वास घ्यायला वेळ ठेवला आहे ना?" यथाकाल व्हिसा मिळाला. पासपोर्टाच्या पानावर चिकटविलेली ती रंगीत चिठ्ठी मीं दिव्याखालीं धरून वाचली. कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, एकूण दिवस किती, आणि प्रवेश किती वेळां, हें सारें तिच्यावर होतें. उदक ताम्हनांत पडलें होतें.

त्यानंतर आठवड्याच्या आंत लिस्बनहून फोन आला.

माझ्या पत्नीचें बालपण म्हापशांत गेलें. १९६१ च्या डिसेंबरांत गोवा मुक्त झाला तेव्हां ती आणि तिची एक मैत्रीण शाळेंत एकाच बाकावर बसत. पुढें मैत्रिणीचें कुटुंब पोर्तुगालला गेलें आणि ही लग्न होऊन पुण्यास आली. एकीनें देश सोडला, दुसरीनें भाषा सोडली. पत्रें मात्र दोघींनीं सोडलीं नाहींत. आधीं निळ्या हवाईपत्रांतून आणि अलीकडे फोनवर हा व्यवहार अखंड चालला होता. दर दोन-तीन वर्षांनीं नाताळांत मैत्रीण गोव्याला येई आणि दोघींची भेट होई. म्हणूनच लिस्बन आमच्या तक्त्यांत नव्हतें. येत्या नाताळांतहि ती येणारच होती. फोन तिच्या मुलीचा होता. आजार पोटाचा होता, शस्त्रक्रियेची वेळ टळून गेली होती, आणि डॉक्टरांनीं विमानप्रवासाची मनाई केली होती. नाताळचें नांव मुलीनें काढलें नाहीं.

पत्नी त्या रात्रीं फारसें बोलली नाहीं. सकाळीं चहाचा पेला माझ्यापुढें ठेवून म्हणाली, "अहो, बर्फ कुठें जात नाहीं."

स्वित्झर्लंडवर आम्हीं उदक सोडलें. पण तेवढ्या चार रात्रींनीं भागेना. मीं प्रथम असा हिशेब मांडला कीं, फ्रान्समध्यें सात आणि पोर्तुगालांत सहा रात्री ठेवाव्या, म्हणजे अधिक दिवस फ्रान्सचेच राहतील आणि नियमाचें अक्षर शाबूत राहील. तो कागद तिच्यापुढें ठेवला. "रात्री तुम्ही मोजा," ती म्हणाली, "मला तिच्याजवळ किती बसतां येईल तेवढें सांगा." ती युक्ति तेथेंच संपली. हेतु हीहि नियमांतलीच कसोटी होती, आणि आमच्या प्रवासाचा मुख्य हेतु आतां लिस्बनमध्यें अंथरुणावर पडून होता. लिस्बनला नऊ आणि पॅरिसला चार, असा नवा तक्ता झाला.

सल्ला देणारे अर्थातच भेटले. आमच्या आळींतले एक अनुभवी गृहस्थ म्हणाले, "जुनीं हॉटेलें इतक्यांत रद्द करूं नका. सीमेवर जुनाच तक्ता दाखवा. एकदां आंत गेलांत कीं पॅरिसहून लिस्बनला जातांना कोण विचारतो?" व्यवहारांत हें खरें होतें. दुसऱ्या एका स्नेह्यांचें मत याच्या उलट. त्यांच्या मतें हा व्हिसा सोडून पोर्तुगालकडे नवा अर्ज करणेंच योग्य होतें. हें नियमाला धरून होतें. पण निकालाला साधारणतः पंधरा दिवस लागतात, त्याआधीं अर्ज देण्यासाठीं वेळ मिळावी लागते, आणि आजार कोणाच्या वेळापत्रकानें चालत नाहीं.

शेवटीं मीं मूळ नियमच वाचावयास घेतले. २००९ सालच्या युरोपीय व्हिसा-संहितेंत दोन निरनिराळ्या गोष्टी सांगितल्या आहेत. व्हिसा देतेवेळींच त्याच्या अटी पुऱ्या होत नव्हत्या, विशेषतः तो फसवून मिळविला होता, असें उघड झालें तर तो मुळापासून बाद होतो. अटी पुढें पुऱ्या होईनाशा झाल्या तर तो मागें घेतला जातो. लबाडी आणि बदल यांत कायद्यानें केलेला हा भेद वाचून मला बरें वाटलें, पण निश्चिंत वाटलें नाहीं. व्हिसा मागें जाण्याचें भय दुसऱ्या प्रकारांतहि होतेंच. शिवाय हातीं व्हिसा आहे एवढ्यावरून आंत शिरण्याचा हक्क उत्पन्न होत नाहीं, हेंहि त्याच संहितेंत स्पष्ट म्हटलें आहे. दाराशीं असलेला अधिकारी कागद मागूं शकतो आणि आल्या वाटेनें परतहि पाठवूं शकतो.

या साऱ्यांत एक गोष्ट मनाला टोंचत होती. ज्यांना परवानगी लागत नाहीं ते बेत बदलतात. ज्यांना ती मागावी लागते ते वचन मोडतात. कृति एकच, नांवें दोन. पॅरिसांतील एखादें वृद्ध जोडपें मैत्रिणीच्या आजाराची बातमी ऐकून त्याच संध्याकाळीं लिस्बनचें विमान धरील आणि शेजारी त्याचें कौतुक करतील. आम्हांला मात्र मायेचा पुरावा जोडावा लागणार होता. याचा राग येणें स्वाभाविक आहे, आणि त्या रागाच्या भरांत जुना तक्ता दाखवून मोकळें व्हावें असें वाटणेंहि स्वाभाविक आहे. पण त्या खिडकीशीं विचारले जाणारे प्रश्न कोठून येतात? आपल्यापूर्वीं कोणीतरी खोटा तक्ता दाखविलेला असतो, त्याचा जाब आपणांस विचारला जातो. आणि आपण तो दाखविला, तर त्याचा जाब उद्यां एखाद्या विद्यार्थ्याला किंवा लेकीच्या बाळंतपणासाठीं निघालेल्या एखाद्या आईला द्यावा लागतो. संशय ही वारशानें चालत येणारी मिळकत आहे. तिच्यांत आपण भर घालावी असें मला वाटेना.

मीं व्हिसा देणाऱ्या वकिलातीला पत्र लिहिलें. अर्जांत 'प्रवासाचा हेतु' या कलमाखालीं पर्यटन आणि आप्तमित्रांची भेट असे दोन वेगळे पर्याय असतात. आम्हीं पहिल्यावर खूण केली होती. ती खूण त्या दिवशीं खरी होती, आज दुसरी खरी आहे, एवढाच पत्राचा मथितार्थ होता. सोबत डॉक्टरांचा दाखला, मैत्रिणीच्या मुलीचें निमंत्रण, लिस्बनचीं तिकिटें आणि नवा तक्ता जोडला. परतीचें तिकीट पूर्वीचेंच होतें, तेंहि जोडलें. चार दिवसांनीं दोन ओळींचें उत्तर आलें. हे कागद प्रवासांत जवळ बाळगावे. प्रवेशाचा निर्णय सीमेवरील अधिकाऱ्याचा राहील. त्यांत होकार नव्हता आणि नकारहि नव्हता. आम्ही निघालों.

पॅरिसच्या विमानतळावर आमची पाळी आली तेव्हां कांचेपलीकडे एक तरुण अधिकारी बसला होता. पॅरिसमध्यें किती दिवस, असें त्यानें विचारलें. चार, म्हणून मीं सांगितलें, आणि पुढच्या प्रश्नाची वाट न पाहतां सारी हकीकत सांगितली. माझें इंग्रजी त्याला कितपत उमगलें कोण जाणे. कागद मात्र त्यानें एकेक करून वाचले. डॉक्टरांच्या दाखल्यापाशीं तो थांबला, आणि मान वर करून पत्नीकडे पाहत त्यानें विचारलें, "बहीण?" येथें नुसती मान हालविली असती तरी काम सोपें झालें असतें. "मैत्रीण," ती म्हणाली. तो क्षणभर तसाच बसून राहिला. आमच्या तेरा रात्री आणि हातांतल्या पिशवींतली आमसुलांची पुडी, सारें कांहीं त्या क्षणीं त्या अनोळखी मुलाच्या हातीं होतें. मग त्यानें शिक्का उचलला.

त्यानें नाहीं म्हटलें असतें तर? तर आम्हांला परतावें लागलें असतें, आणि नियमानें त्याला दोष देतां आला नसता. सत्याचें फळ हमखास गोड असतें असें मी म्हणणार नाहीं. पण त्या क्षणीं आम्हांला कांहीं लपवावयाचें नव्हतें, आणि म्हणून त्या मुलाच्या डोळ्यांकडे आम्हांला सरळ पाहतां आलें.

लिस्बन हें टेकड्यांचें शहर आहे. पांढऱ्या चुनखडीचे लहान लहान चिरे बसविलेल्या पायवाटा आणि उताराच्या शेवटीं दिसणारी टेगस नदी, हें सारें मीं बहुतेक एकट्यानेंच हिंडून पाहिलें. त्या दोघी तिसऱ्या मजल्यावरच्या खोलींत बोलत बसत. त्यांची कोंकणी माझ्या पुणेरी कानाला निम्मी कळे, निम्मी निसटे. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारांत लहानपणीं हरवलेल्या एका छत्रीचा शोध त्यांनीं तीन दिवस तरी घेतला असेल. आमसुलांचें सार मैत्रिणीनें दोन चमचे घेतलें. उरलेलें माझ्या वाट्याला आलें. निघण्याच्या दिवशीं पत्नी दाराशीं वळून "येतां" एवढेंच म्हणाली. आपल्याकडे निरोप घेतांना कोणी 'जातों' म्हणत नाहीं. परत येण्याचें वचन आपल्या निरोपांतच असतें, आणि तें पाळतां येणार नाहीं हें दोन्ही बाजूंना ठाऊक असलें तरी तें द्यावें लागतें.

त्या वर्षीं दिवाळीच्या आधीं मैत्रीण गेली.

१२ ऑक्टोबर २०२५ पासून त्या एकोणतीस देशांच्या सीमांवर शिक्क्याच्या जागीं यंत्रांत नोंद करण्याची पद्धत सुरू झाली आहे. बोटांचे ठसे आणि चेहरा टिपून घेऊन यंत्र आपले दिवस मोजतें. रात्रींचा हिशेब माणसांवर सोंपविण्याचें कारण आतां उरलें नाहीं. पण 'कोणाकडे आलांत?' या प्रश्नाचें उत्तर यंत्राला काढतां येणार नाहीं. तें दाराशीं उभें राहून ज्याचें त्यानेंच द्यावयाचें आहे.

पत्नीला अजून बर्फ पाहावयाचें आहे. आतां स्वित्झर्लंडकडे अर्ज करावा, असें आमच्या घरांत चाललें आहे. तक्ता मी पूर्वीसारखाच नेटका करीन, प्रत्येक रात्रीसमोर हॉटेलाचें नांव लिहीन, आणि लिहितांना तो अगदीं खरा असेल. पुढें कांहीं बदललें, तर तेंहि सांगेन.