दुधी, सुई, सुतळी

८ जानेवारी
तपासणीचं पथक आलं. तिसरीतल्या स.च्या जांघेत गाठ. हर्निया. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातून ऑपरेशन फुकट. वडील हमाल, यार्डात पोती भरतात. हातातल्या कागदापेक्षा माझ्या तोंडाकडेच जास्त बघत होते.

९ जानेवारी
वर्गभर झालं: स.चं पोट फाडणार. मधल्या सुट्टीत एकाने पट्टीने फाडून दाखवलं. मी ओरडले. ओरडून काय होतंय.

१० जानेवारी, रात्री
सुश्रुतसंहिता चाळली. सूत्रस्थान, अध्याय नववा. शिष्याचा हात आधी फळांवर बसवायचा. चिरा कोहळ्यावर, दुधीवर, कलिंगडावर, काकडीवर. शिवण कापडावर, मऊ कातड्यावर. पट्ट्या बाहुल्याला.
दुधी मंगळवारच्या बाजारात मिळेल.

१३ जानेवारी
चार दुधी. गोधडीच्या सुया सहा. सुरी माझ्याकडेच राहणार. मुख्याध्यापक: "बाई, सुई टोचली तर?" टोचली की बोट तोंडात घालतात, असं मी म्हणाले नाही.

१६ जानेवारी
हात धुण्यातच अर्धा तास. तोंडाला रुमाल. मी दुधीला बोटभर चीर दिली. एक मुलगी मागे सरली, मग तिनेच आत बोट घातलं. "गार आहे."
पोरींनी धावदोराच घातला, घरी गोधड्या बघतात ना. म्हटलं, नाही. एक टाका, एक गाठ, दोरा कापायचा. पुढचा वेगळा. "का?" एक तुटला तरी बाकीचे राहतात. दोरा जास्त ओढला की साल फाटते, हे मात्र मला सांगावं लागलं नाही.
स. खिडकीपाशी. टेबलाकडे पाठ.

१७ जानेवारी
कापूस भरलेल्या पिशवीला भोक पाडून हर्निया दाखवणार होते. आधी वैद्यकीय अधिकाऱ्यांना फोन केला ते बरं. लहान मुलांत भोक पडलेलंच नसतं. जन्माच्या सुमारास मिटायची वाट उघडी राहते, तिच्यातून आतडं उतरतं. ते आत सारायचं आणि त्या वाटेचं तोंड बांधून टाकायचं. बहुतेक वेळा एवढंच.
माझी पिशवी चुकली होती.

१९ जानेवारी
नवी पिशवी. आत कापूस, बांधायला सुतळी. कुणाचीच गाठ टिकेना, उलटी केली की कापूस खाली. स. उठला. दोन वेढे, टोक खालून, दाताने आवळलं. "पोत्याचं तोंड असं बांधतात, बाई." पिशवी उलटी धरून झटकली. कापूस जागचा हलला नाही.
मागून कुणीतरी: "डॉक्टर दात लावत नाहीत."
तो हात धुऊन आला. दात न लावता पुन्हा बांधली.

२२ जानेवारी
दुधी टाक्यांपाशी काळे पडले. वास. "जखम का नाही भरली?" वेलीवरून तोडलेले म्हणून, मी म्हटलं.
स. जरा वेळाने: "मी जिता आहे."

२९ जानेवारी
स. गैरहजर. ऑपरेशन.

३० जानेवारी
वडिलांचा फोन. शुद्धीवर आला, चहा मागतोय.

९ फेब्रुवारी
आला. सगळे भोवती. टाके किती? "वर दिसत नाहीत. आत आहेत. आपोआप विरघळतात." वर्गाची निराशा.
डॉक्टरांना विचारलं म्हणे, तोंड नीट बांधलं ना.
अजून काही दिवस पळायचं नाही. खेळाच्या तासाला माझ्याजवळ बसवणार आहे. बसेल असं वाटत नाही.