डीजे सात, संगीत शिक्षक शून्य

आमच्या तालुक्याच्या गावात भाड्याने मिळणाऱ्या डीजेच्या गाड्या सहज सात निघतील. संगीत शिकवणारा शिक्षक मात्र एकाही शाळेत नाही. झेडपीच्या नाही, अनुदानित नाही, आणि भरमसाट फी घेणाऱ्या इंग्लिश मिडियममध्ये तर नाहीच. तिथं गॅदरिंगच्या आधी पंधरा दिवस बाहेरून एक कोरिओग्राफर येतो, पोरांना रेकॉर्डवर नाचवतो, पैसे घेतो, जातो.

आता म्हणाल, हा काय बातमीचा विषय आहे? आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांच्या आत्महत्या नोंदल्या आहेत. त्यात सगळ्यात जास्त महाराष्ट्रातल्या, १,७६४. निकाल लागले की आमच्याकडे एक कॉलमची बातमी होते, दोन दिवस 'समुपदेशनाची गरज' वगैरे चर्चा होते आणि विषय संपतो. टेलिमानसची १४४१६ ही सरकारी हेल्पलाइन आहे, नंबर सेव्ह करून ठेवा. पण सतरा वर्षांचं पोरगं फोन लावून अनोळखी माणसाला 'मला बरं वाटत नाही' म्हणेल, त्याच्या आधी बऱ्याच पायऱ्या असतात. त्या पायऱ्यांवर त्याला भेटतं कोण?

आमच्या विदर्भात तुकडोजी महाराजांनी खंजिरी हातात घेऊन गावंच्या गावं एकत्र बसवली. सामुदायिक प्रार्थना, भजन, गुरुदेव सेवा मंडळ. शेजारच्या गावात असं एक मंडळ अजून दर गुरुवारी बसतं. भजन स्पर्धेची बातमी करायला गेलो आणि रात्री अकरापर्यंत तिथंच बसलो. पंधरा-सोळा जण, त्यातले निम्मे पंचविशीच्या आतले. तबल्यावरचा पोरगा पोलीस भरतीच्या ग्राउंडमध्ये दोनदा कमी पडलेला. घरी बापाशी बोलणं बंद. बुवा एसटीतून रिटायर झालेले. भजन मध्येच थांबवून ते त्याला म्हणाले, "आज हात जड पडून राह्यला बाबू. जेवला का नाही?" पोरगा नुसता हसला. जेवला नव्हता.

मला सगळ्यात मोठी गोष्ट ती वाटली. ठेक्यावरून पोराची अवस्था ओळखणारा एक मोठा माणूस, आणि आठवड्यातून एकदा तरी ती ओळखली जाईल अशी जागा. नंतर तो पोरगा मला बाहेर म्हणाला, "भाऊ, इथं कोनी मार्क इचारत नाही."

एकत्र गाण्याने शरीरातही काही घडतं. ओळ संपेपर्यंत श्वास पुरवावा लागतो, म्हणजे उच्छ्वास आपोआप लांबतो, धडधड उतरते. स्वीडनच्या गोटेनबर्ग विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ मध्ये अठरा वर्षांच्या मुलांना एकत्र गायला लावून त्यांच्या हृदयाचे ठोके मोजले, तर ते बरोबरीने कमी-जास्त होत होते. आपल्या भजनी मंडळाला हे कोणी मशीन लावून सांगायची गरज नाही म्हणा. हेडफोन लावून एकट्याने तेच उदास गाणं चाळीस वेळा ऐकणं ही वेगळी गोष्ट आहे. वाईट नाही, उगाच फोन हिसकावू नका. पण तिथं समोर कोणी नसतं.

आता सरकारकडे येऊ. शिक्षण हक्क कायदा २००९ चा. त्याच्या अनुसूचीत लिहिलंय की सहावी ते आठवीचा पट शंभरावर असेल तर कला शिक्षणासाठी अंशकालीन निदेशक द्यायचा. एक तर आमच्या भागातल्या झेडपी शाळांत तेवढा पट भरत नाही. जिथं भरतो तिथं नेमलेली माणसं तुटपुंज्या मानधनावर, आज आहेत तर उद्या नाहीत. दहावीला शास्त्रीय गायन-वादनाचे वाढीव गुण मिळतात, ते शहरातल्या क्लासवाल्या पोरांच्या कामाचे. आणि तिथंही पुन्हा मार्कच!

२०२४ पासून शाळांना 'आनंददायी शनिवार' आलाय. बऱ्याच ठिकाणी त्याचा अर्थ फोटो काढून ग्रुपवर टाकणे एवढाच. त्या शनिवारी शाळा व्यवस्थापन समितीने गावातल्या बुवाला का बोलावू नये? फक्त भजनवालेच असं नाही, कारण शाळा सगळ्यांची आहे. आमच्याच गावात भीमगीतं गाणारी मंडळी आहेत, एक म्हातारे कव्वाल आहेत, बँडमधला क्लॅरिनेटवाला तर असा वाजवतो की बस. लग्नसराई संपली की ही माणसं रिकामी असतात. दर शनिवारी दोन तास, रोख मानधन, स्पर्धा नाही, बक्षीस नाही. महिनोन् महिने झोप उडालेल्या, जेवण सुटलेल्या पोराला डॉक्टरकडेच न्यावं लागेल, पेटी-तबला तिथं पुरणार नाही. पण त्याची झोप उडालीय हे आधी कोणाच्या तरी लक्षात तर येऊ द्या.

आमच्या केंद्रशाळेच्या डेडस्टॉक रजिस्टरमध्ये एक पेटी आणि एक तबला-डग्गा अजून नोंदलेला आहे. कपाटाची किल्ली मुख्याध्यापकांकडे आहे, मी विचारून आलो. समितीची बैठक पुढच्या सोमवारी आहे. तुमच्या गावच्या शाळेचं रजिस्टर बघा आणि काय सापडतं ते खाली लिहा.